प्रतिसाद: लोखंड परत येतं, पण बाकीचं?

जुनी गाडी कुठल्याही भंगारवाल्याला दिली तरी शेवटी लोखंड वितळून वापरात येतंच, असं काही जण म्हणतात. लोखंड येतं, मान्य. गाडीच्या वजनाचा मोठा भाग तोच असतो. पण नुकसान होतं ते त्याच्या आधी. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आधी काढून घेतलं नाही तर कापताना सगळं मातीत मुरतं. एसीचा गॅस तर दिसतही नाही. पाइप कापला की फुस्स, संपलं. कित्येक गाड्यांत असतो तो आर-१३४ए नावाचा गॅस १०० वर्षांच्या काळात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १,००० पटींहून जास्त तापमानवाढ करतो. यंत्राने तो सिलिंडरमध्ये सहज ओढून घेता येतो, म्हणूनच जास्त चीड येते! बॅटरीतलं शिसंही जवळपास पूर्ण परत मिळतं, पण उघड्या भट्टीत वितळवलं तर त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते. न फुटलेल्या एअरबॅगला मात्र स्वतः हात लावू नका, आत स्फोटक असतं.

गाडी देण्याआधी एवढं विचारा: तेल आणि गॅस कशात काढून घेता? उत्तर देताना समोरचा चाचरला तर दोन पैसे कमी मिळाले तरी दुसरीकडे द्या.