आई-बाबांसाठी चिपळूणची जुनी गाडी: आधीचा इतिहास कसा काढायचा?

लेस्टरहून, सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

गुहागरला आई-बाबांसाठी जुनी गाडी बघतेय. बाबांचे डॉक्टर चिपळूणला, महिन्यातून दोनदा तरी जावं लागतं, आणि एसटीत चढताना आईला आता धाप लागते. एजंटने एक पांढरी हॅचबॅक दाखवली आहे. एमएच-08, ऑक्टोबर 2017ची, पहिलाच मालक, 41 हजार किलोमीटर, सव्वाचार लाख. फोटोत छान दिसते, पण फोटोत कुठली गाडी वाईट दिसते?

इथे इंग्लंडमध्ये गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की एमओटीच्या, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, प्रत्येक वेळी किती मायलेज होतं, काय नापास झालं, सगळं फुकट दिसतं. माझी गाडी मी तसंच बघून घेतली. तिकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षं होईपर्यंत फिटनेसची तपासणीच नसते, मग तिचा इतिहास शोधायचा कुठे? एमपरिवहन ॲपवर बघितलं: नोंदणीची तारीख बरोबर, विमा चालू, बँकेचा बोजा नाही. एजंट म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, 25 हजार बयाणा आजच टाका.

टाकू का?

&nbsp;

रेडिंगहून, मंगळवारी सकाळी

अगं, बयाणा अजिबात टाकू नकोस.

मी इकडे येण्याआधी रत्नागिरीला विम्याच्या ऑफिसात मोटार क्लेमचंच काम करत होते, म्हणून हक्काने सांगते. ॲपवर तू बघितलंस ते गाडीचं आजचं रूप. बोजा नाही, विमा चालू आहे, हे चांगलंच. पण ती कुठल्या पाण्यात उभी होती, कुठे ठोकली होती, हे आरसीवर येत नाही. ते येतं पॉलिसीवर, आणि तेही सरळ लिहिलेलं नसतं.

मालकाकडून चालू पॉलिसीचा फोटो मागव आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे तेवढं बघ. एक वर्ष क्लेम नाही तर 20, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. तिथून पुढे 50च राहतो. मध्ये एक क्लेम झाला की पुन्हा शून्य. ऑक्टोबर 2017ची गाडी, मालक तोच, क्लेम कधीच नाही, तर ऑक्टोबर 2024च्या पॉलिसीवर 50 असायलाच हवा. कमी असला तर मागे मोजत जा, कुठल्या वर्षी घसरला ते आपोआप कळतं. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तरी बोनस जातो, म्हणून शून्य दिसलं की लगेच आरोप करायचा नाही, मागच्या दोन-तीन पॉलिसी मागायच्या. बोनस टिकवण्याचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही टक्का घसरत नाही, तेव्हा ती ओळही बघ. आणि बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडीबरोबर तो तुला मिळणार नाही.

दुसरी गोष्ट, टोटल लॉसची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, मालकाला पैसे देऊन मोकळी होते. आयडीव्ही दरवर्षी उतरतो, तीन वर्षांच्या गाडीचा 30 टक्क्यांनी. म्हणजे सहा लाखांच्या गाडीचा धरला 4 लाख 20 हजार, आणि सव्वातीन लाखांच्या आतबाहेर खर्च निघाला की ती टोटल लॉस. पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये शिरलं तर तेवढा आकडा व्हायला वेळ लागत नाही. मग ती गाडी लिलावात जाते, कुणीतरी घेतं, धुऊनपुसून उभी करतं आणि पुन्हा बाजारात आणतं. म्हणून आरसीवर मालक दुसरा असेल आणि नाव पुराच्या नंतरच्या सहा-आठ महिन्यांत बदललं असेल, तर मी तिकडे फिरकणारही नाही. कोल्हापूर-सांगलीला 2019 साली, चिपळूण-महाडला 2021 साली पूर आला. एमएच-08, 06, 09, 10 (रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, सांगली) या चारही नंबरांना हा प्रश्न विचारायचाच.

तुझ्या गाडीचा मालक पहिलाच आहे, म्हणजे टोटल लॉस झाली नसावी. पण पॉलिसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

&nbsp;

लेस्टरहून, मंगळवारी

ताई, एजंट दोनदा टाळत होता, शेवटी पॉलिसी आली. 35 टक्के.

35 म्हणजे तीन वर्षं क्लेम नाही. ऑक्टोबर 2024पासून मागे तीन वर्षं, म्हणजे क्लेम ऑक्टोबर 2020 ते ऑक्टोबर 2021च्या मधला. एजंट म्हणतो, मागच्या बंपरचा किरकोळ क्लेम होता.

&nbsp;

चिपळूणहून, गुरुवारी संध्याकाळी

बाळ, नमस्कार.

तुझे आणि ताईंचे मेल वाचले आणि आज सकाळी मीच जाऊन आलो. लेस्टर सोडून इथे परत आल्याला मला सहा वर्षं झाली, त्यामुळे 22 जुलै 2021, पुराचा दिवस, मी इथेच काढला. वाशिष्ठीचं पाणी आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीवर होतं. नंतर आठवडाभर घरातला गाळ काढत होतो. तो गाळ हाताला कसा लागतो, हे मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि त्याचाच आज उपयोग झाला.

आपल्याकडच्या प्रत्येक गाडीत खाली लाल धूळ सापडणार. ती जांभ्याची, रस्त्याची, अंगणाची. तिला घाबरायचं नाही. नदीचा गाळ वेगळा, राखाडी-तपकिरी आणि मैद्यासारखा बारीक. वाळला की त्याची साय धरते आणि पाण्याचा फवारा जिथे पोचत नाही तिथे ती राहून जाते. मी डिकीतली स्टेपनी काढली, खाली स्वच्छ होतं. चटई नवी, सीट कव्हर नवी, आणि वास लिंबाच्या अत्तराचा, इतका की डोकं दुखलं. मग ड्रायव्हरचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. रोज आपण पट्टा अर्धाच ओढतो, उरलेला खांबाच्या आत गुंडाळलेला असतो आणि तो कोणी धूत नाही. शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची निघाली. नखाने खरवडली तर बोटावर तीच राखाडी भुकटी. नंतर सीट पुढे सरकवून रुळांचे बोल्ट बघितले, डोक्यांवर गंज. समुद्रकाठच्या गाडीला गंज येतो, पण तो खालून येतो, दरवाजाच्या तळाला, सायलेन्सरला, ब्रेकच्या पाइपांना. आत, सीटच्या खाली, खारा वारा एवढा गंज देत नाही.

इंजिन नंबर आरसीशी जुळवला, जुळला. हे पुराच्या गाडीत मुद्दाम बघायचं, कारण पाणी शिरल्यावर कधी कधी इंजिनच बदलतात आणि आरसीवर नोंद करायची राहते. नाव चढवताना सगळं तिथे अडतं. मालकाने अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहासही काढून आणला होता. मार्च 2021ला 22 हजार किलोमीटर, पुढची नोंद थेट जानेवारी 2022ची. मधलं काम बाहेर झालं. 41 हजाराचा आकडा मात्र खरा वाटतो, मीटर मागे घेतलेला नाही. नोंदी ओळीने चढत्या आहेत आणि पेडलचे रबरही तेवढेच झिजलेत.

मग एजंट फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा मालकांना सरळ विचारलं, "22 जुलैला गाडी कुठे होती हो?" गृहस्थ माझ्याच वयाचे. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अंगणात. सीटपर्यंत पाणी होतं. एजंट म्हणाला, सांगू नका." त्यांच्या घरातलं काय काय गेलं तेही सांगत बसले, मीही माझं सांगितलं. चहा घेऊन निघालो. मला त्यांचा राग आला नाही. सव्वातीनला द्यायची त्यांची तयारी आहे.

माझं मत विचारशील तर घेऊ नको. पाण्यातून निघालेली गाडी पहिली दोन वर्षं बरी चालू शकते. कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या होत जातात आणि एक दिवस एबीएसचा दिवा लागतो, नाहीतर गाडी मध्येच बंद पडते. एअरबॅगचा डबा पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, खालीच असतो, तो भिजला होता की बदलला याचं बिल नाही. गावात फिरवायला कोणी तरुण घेत असता तर वेगळी गोष्ट. तुझे बाबा संध्याकाळचे मार्गताम्हान्याच्या वळणांवरून आईला घेऊन परतणार.

&nbsp;

रेडिंगहून, गुरुवारी रात्री

काका, तुम्ही गेलात हे फार बरं झालं.

पुढच्या गाडीसाठी आणखी थोडं. फास्टॅगचं स्टेटमेंट मागायचं: "गावातच फिरली" म्हणणाऱ्याची गाडी दर आठवड्याला मुंबईच्या टोलवर दिसली तर कळतं. ई-चलनांची यादीही तशीच, तारीख आणि ठिकाणासकट असते. गाडी चोरीची नाही ना, हे बघायला वाहन समन्वय या सरकारी साइटवर नंबर टाकायचा. आणि पैसे दिल्यावर नाव चढवण्यात एक दिवसही ढिलाई नको. फॉर्म 29 आणि 30वर सह्या, विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत, आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन एजंटकडे ठेवायच्या नाहीत. कागदोपत्री मालक तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्ट केलं आहे. बिचाऱ्या विकणाऱ्याच्या गळ्यात नंतर अपघात येतात.

&nbsp;

लेस्टरहून, रविवारी

काका, ताई,

चिपळूणची गाडी सोडली. बाबा म्हणत होते, एक लाख वाचतायत, घेऊन टाकू. काकांचा मेल मी त्यांना फोनवर पूर्ण वाचून दाखवला. पट्ट्याच्या भुकटीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "नको गं."

आता रत्नागिरीची एक आहे. मार्च 2018ची, करडी, 52 हजार किलोमीटर, पाच लाख दहा. या वेळी आधी कागद मागितले आणि मग फोटो. आरसीच्या दोन्ही बाजू, सगळ्या पॉलिसी आणि फास्टॅगचं स्टेटमेंट सोबत जोडलंय. 2019ला 20, मग 25, 35, 45, 2023ला 50 आणि 2024लाही 50. जादा कव्हर कुठल्याच वर्षी नाही. सर्व्हिसच्या नोंदींमध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठी फट नाही. ताई, तुमची नजर एकदा फिरू दे.

एकच शंका आहे. मालकांचं घर मांडवीला, समुद्रापासून दोन मिनिटांवर, आणि गाडी सात वर्षं उघड्यावर उभी. फोटोत तळाला काळं कोटिंग अगदी ताजं दिसतंय. काका, बुधवारी तुम्ही रत्नागिरीला जाणार आहात ना? बाबा तुम्हाला स्टँडवर भेटतील. त्यांना टॉर्च आणि खाली अंथरायला जुनी चादर आणायला सांगितलीय.