मदत हवी आहे: छोट्या बेटावर टेबल टेनिस कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्याशा बेटावर सगळ्यांसाठी टेबल टेनिस सुरू केलंय. मुलं येतात, आजी-आजोबाही येतात, उत्साहाला तोटा नाही. पण खाऱ्या हवेपुढे हात टेकलेत. टेबलाचे पाय आणि नेटचे क्लॅम्प गंजतात. एका कडेला प्लायवूड फुगलंय, तिथे चेंडू टप्पा घेतच नाही, नुसता बसतो. दमट दिवसांत बॅटवरचं रबर ओलं होतं, मग स्पिन विसराच. खिडक्या उघडाव्यात तर 2.7 ग्रॅमचा चेंडू वाऱ्यावर! बाहेर सिमेंटचं टेबल कोणी बांधलंय का?

खरं दुखणं वेगळंच आहे. तेच ते खेळाडू, एकमेकांच्या सर्व्हिस तोंडपाठ! आणि जरा तयार झालेलं पोर शिकायला बेट सोडतं. बाहेरचा प्रशिक्षक आठवडाभर राहून जातो; त्यापेक्षा इथल्याच दोघा-तिघांना तयार करावं असं मला वाटतं. 1985 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय आयलंड गेम्समध्ये (बेटांच्या क्रीडास्पर्धेत) टेबल टेनिस खेळलं गेलंय, म्हणजे बेटांवर हे जमतं. शेजारच्या बेटांशी लीग कोणी चालवली आहे का? बोट रद्द झाली की सामन्याचं काय करता?