विमानात हरिपाठ म्हणायचा असेल तर?

तुळशीमाळ: आमच्या भजनी मंडळाचे २२ जण पुण्याहून विमानानं काशीला निघालेत. उड्डाण संध्याकाळचं, म्हणजे हरिपाठाची वेळ नेमकी आकाशात. टाळ नसले तरी चालतील, पण हरिपाठ चुकवायचा नाही, असं म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं. म्हणता येईल का? वीणा, बुक्का, कापूर, नारळ यांचं काय करायचं?

रामप्रहर: कापूर नेऊच नका, काडेपेटीही नको. कापूर ज्वलनशील घन पदार्थांत मोडतो. हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. सुक्या खोबऱ्यालाही मनाई आहे, कारण तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं. अख्खा नारळही सुरक्षा तपासणीत अडतो. २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ ठेवायची मुदतीपुरती वेगळी सवलत द्यावी लागली, यावरूनच ओळखा. नारळ काशीत मिळतो.

बुक्का चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत. पुडी फुटली तर शेजाऱ्याचा पांढरा शर्ट गेलाच. टाळही तिकडेच, टॉवेलात गुंडाळून.

धावपट्टी: म्हणण्याबद्दल. विमान धावपट्टीकडे निघाल्यापासून वर स्थिर होईपर्यंत आणि उतरताना तोंड मिटून. त्या वेळी कर्मचारी आपत्ती आली तर काय करायचं याची मनात उजळणी करतात आणि वेगळा आवाज, धुराचा वास यांकडे लक्ष ठेवतात. २२ जणांच्या गजरात ते कसं जमणार? चाकं टेकताच 'पुंडलिक वरदे' नको, त्याच मिनिटाला सूचना सुरू असतात.

मध्ये पट्ट्याचा दिवा विझल्यावर ओठांतल्या ओठांत म्हणा. एकानं मोठ्यानं म्हणून बाकीच्यांनी झेलायची पद्धत इथे चालणार नाही. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवावा लागतो आणि पाचव्या अभंगापर्यंत सगळे ओरडू लागतात. खरं तर २८ अभंग बोर्डिंगआधी, गेटपासून लांबच्या कोपऱ्यात उरकावेत.

चौथीरांग: लोक मोबाइलवर रील मोठ्यानं वाजवतात, तेव्हा कोण बोलतं? देवाच्या नावालाच एवढे नियम का?

धावपट्टी: रीलवाल्यालाही बंद करायला सांगतातच. कर्मचाऱ्यानं सांगूनही ऐकलं नाही तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांत शाब्दिक गैरवर्तनालाही ३ महिन्यांपर्यंत प्रवासबंदी आहे. आणि २२ विरुद्ध एक असेल तर तो एक तक्रार न करता नुसता सोसतो, हे जास्त वाईट.

आसनांचं आधी बघा. तीन-तीनच्या चार रांगा म्हणजे २४ जागा, दोन परके मध्ये सापडणार. त्यांना कडेची जागा द्या. शेजारचा सामिष खातो म्हणून त्याला उठवू नका, आपण आपसात बदला. प्रसादाचा शेंगदाण्याचा लाडू विचारल्याशिवाय पुढे करू नका; शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते.

तुळशीमाळ: वीणेचं राहिलं. वीणेकरी म्हणतात, ती खाली ठेवायची नाही.

रामप्रहर: एक्स-रेच्या पट्ट्यावर आडवी ठेवावीच लागेल, स्वच्छ गवसणीत घालून. हातातल्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंमी धरतात, वीणा त्यात बसणार नाही. काही कंपन्या वाद्यासाठी जास्तीचं तिकीट देतात. ते आजच फोन करून विचारा. नाहीतर काशीत एखाद्या मठातून मागून घ्या.