विषय: [मंडळ] तातडीचं: अठरा पिशव्यांपैकी एक आरशाचं कव्हर झाली

प्रेषक: अनघा

मंडळी,
सुधीरदादांच्या आग्रहावरून माझ्या पिशव्या ऑनलाइन बाजारपेठेच्या जर्मन पानांवर विकायला चढवतेय हे सगळ्यांना माहीतच आहे. शनिवारी फाइल गेली. १८ ओळी, तीन मापं, सहा रंग, सगळ्यांपुढे हिरवी खूण. आज बघते तर निळी मोठी पिशवी कुठेच नाही. तिच्या नोंदीवर गेलं की गाडीच्या आरशाचं कव्हर उघडतं, फोटो भलत्याच विक्रेत्याचा, आणि खाली 'इतर विक्रेते' मध्ये मी! दोन ऑर्डरीसुद्धा आल्यात. शीर्षक आणि फोटो बदलून बघितले. बदल नोंदला असं दाखवतात, पान मात्र होतं तसंच. कुणाला असं झालंय का? ऑर्डरी उद्या निघायला हव्यात.

प्रेषक: सुधीरदादा

अनघा, मी मागच्या वेळीच म्हटलं होतं, प्रत्येक देशाला वेगळा एसकेयू ठेव. तू 'निळी-मोठी' हाच इकडे आणि तोच तिकडे दिलास, मग गोंधळ होणारच. मी तर शेवटी देशाचं अक्षर लावल्याशिवाय एकही ओळ पाठवत नाही.

प्रेषक: केतन

दादा, एसकेयूचा इथे संबंध नाही. एसकेयू हे आपण आपल्या सोयीने वस्तूला ठेवलेलं टोपणनाव. बाजारपेठ वस्तू ओळखते बारकोडवरून. तो आकडा त्यांच्या यादीत आधीच असेल तर नवं पान होत नाही, तुम्हाला त्या जुन्या पानावर आणखी एक विक्रेता म्हणून बसवतात. ताई, आकडे नक्की काय टाकलेत? आणि फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडली होती का?

प्रेषक: अनघा

उघडली होती, किमती भरायला. बारकोड ११ आकडी दिसत होते आणि त्यांचा साचा १३ मागत होता. म्हणून सगळ्यांच्या शेवटी दोन शून्यं लावली. हिरवी खूण आली, मला वाटलं जमलं.

प्रेषक: नंदू

ताई, बारकोडचीच अडचण असेल तर माझ्याकडे जुन्या धंद्यातले दोनेकशे न वापरलेले पडलेत. घेऊन टाका, कशाला डोकेफोड.

प्रेषक: केतन

नंदू, नको. ते जीएस१ कडे, म्हणजे बारकोड देणाऱ्या संस्थेकडे, तुझ्या जुन्या कंपनीच्या नावावर आहेत. मोठ्या बाजारपेठा आता त्या नोंदीशी ब्रँडचं नाव ताडून बघतात. आज खपेल, सहा महिन्यांनी पान बंद होईल.

अनघाताई, घोळ तिथेच झाला. तुमचे बारकोड १२ आकडी आहेत आणि शून्यापासून सुरू होतात. एक्सेलला ती संख्या वाटते, आणि संख्येच्या पुढचं शून्य त्याच्या लेखी फुकटचं, म्हणून ते गाळून टाकतं. उरले ११. शून्यं लावायचीच तर ती पुढे: एक गाळलेलं, आणि १२ चे १३ करायला आणखी एक. पुस्तकी नमुना घ्या, ०१२३४५६७८९०५. तेरा आकडी लिहिला तर ००१२३४५६७८९०५. तुमच्या पद्धतीने तो झाला असता १२३४५६७८९०५००. हा आकडाच वेगळा, म्हणजे वस्तू वेगळी.

मग हिरवी खूण का? शेवटचा आकडा तपासणीचा असतो. उजवीकडून सुरुवात करून आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज दहाच्या पटीत आली की आकडा पास. तुम्ही दोन शून्यं लावलीत, म्हणजे सगळे आकडे दोन घरं सरकले. ज्याला १ ने गुणायचं त्याला १ नेच आणि ३ वाल्याला ३ नेच. बेरीज जशीच्या तशी! एकच शून्य लावलं असतंत तर पकडलं गेलं असतं.

आरशाचं कव्हर दिसलं हे एका अर्थी बरंच झालं. मला काळजी बाकीच्या १७ ची आहे. ते आकडे त्यांच्या यादीत नव्हते, म्हणून नवी पानं झाली. फोटो पिशवीचा, नाव पिशवीचं, सगळं झकास. पण त्यातल्या एखाद्या आकड्याचा खरा मालक उद्या आपला माल घेऊन आला की तो येऊन तुमच्या पिशवीला चिकटणार.

प्रेषक: विद्याकाकू

केतन, एक शून्य लावलं असतं तर पकडलं गेलं असतं हे सरसकट खरं नाही. तुझाच नमुना घे. मूळ बेरीज ९०. शेवटी एक शून्य लावलं की १ आणि ३ ची अदलाबदल होते आणि बेरीज येते ११०. तीही दहाच्या पटीतच! कारण या दोन बेरजा मिळून सगळ्या अंकांच्या साध्या बेरजेची चौपट होते. साधी बेरीज ५ ने भागली गेली की एक शून्यही खपून जातं, आणि तुझ्या नमुन्यात ती नेमकी ५० आहे. साधारण पाचांत एकदा असं होईल. अनघाच्या १८ मधले तीन-चार तरी निसटले असते. दोन शून्यांचं तुझं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते दर वेळी निसटणार.

निवृत्त झाले तरी वही तपासल्याशिवाय राहवत नाही, राग मानू नकोस.

प्रेषक: सुधीरदादा

काकू, गणित राहू द्या. मुळात इकडचा बारकोड जर्मनीत चालेलच कसा? तिथे ४०० पासून सुरू होणारा लागतो. भारतात बनलेल्या मालाला ८९० असतो तसा.

प्रेषक: नंदू

नाही हो दादा. ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नव्हे. आकडा जीएस१ च्या भारतातल्या शाखेने दिला एवढंच त्यातून कळतं. ४०० ते ४४० जर्मन शाखेचे. माल कुठलाही असो. आणि एका वस्तूला एक आकडा मिळाला की तोच सगळ्या देशांत चालतो, त्यासाठीच तर तो काढलाय. फक्त प्रत्येक रंगाला आणि मापाला स्वतंत्र हवा, ते ताईंनी केलंच आहे.

ताई, दुसरं एक. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकायच्या वस्तूच्या पानावर तिथल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता द्यावा लागतो. ते भरलंत ना? माझी पानं त्याच पायी आठवडाभर अडकली होती.

प्रेषक: अनघा

ते भरलंय रे, त्यातच तर महिना गेला.

आता मी नक्की करू काय? आणि त्या दोन ऑर्डरींचं काय? पिशव्या पाठवून देऊ का, किंमत तर पिशवीचीच घेतलीय.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

सर्व सदस्यांना नम्र विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कामकाजासाठी आहे. धंद्याच्या चर्चेसाठी वेगळा गट काढायचा असं मागच्या सभेत ठरलं होतं आणि सुधीरदादांनी तो काढतो असं सांगितलंही होतं. रविवारच्या सभेसाठी सदस्यांच्या पत्त्यांची यादी जोडून पाठवली होती, तिच्यावर अजून एकाचंही उत्तर नाही.

प्रेषक: सुधीरदादा

गट काढलाय. तीन जण आहेत, त्यातला एक मी.

प्रेषक: केतन

व्यवस्थापक, एवढं संपवू द्या, ताईंची मुदत उद्याची आहे.

ताई, पिशव्या पाठवू नका. ज्यांनी आरशाचं कव्हर मागवलंय त्यांच्या हाती पिशवी पडली तर तक्रार 'भलतीच वस्तू आली' अशी नोंदली जाईल, आणि ती रद्द केलेल्या ऑर्डरीपेक्षा महाग पडते. दोन्ही आपणहून रद्द करा, गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहा. रद्द करण्याचं प्रमाणही मोजलं जातं हे खरं. अॅमेझॉनवर स्वतः माल पाठवणाऱ्यांनी ते २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, आणि तिथे तुमच्या ऑर्डरीच मोजक्या असल्याने टक्का फुगलेला दिसेल. तो उतरतो.

कव्हरच्या पानावरचे फोटो बदलायचा नाद सोडा. ते पान दुसऱ्याचं आहे. तुमचे बदल चुकून लागलेच तर त्याची वस्तू पिशवी होईल आणि भांडण आणखी वाढेल. तिथली तुमची नोंद काढून टाका. मग बाकीच्या १७ पण काढा, हो, सगळ्या. जीव कासावीस होईल, पण आज त्यांच्यावर एकही अभिप्राय नाही, नंतर जड जाईल. एक दिवस थांबा आणि नवी फाइल पाठवा. त्याच एसकेयूने लगेच चढवलं तर जुनी जोडणी कधीकधी चिकटून राहते, म्हणून एसकेयू नवे द्या.

फाइल दुहेरी टिचकी मारून उघडायची नाही. कोरं एक्सेल उघडून 'डेटा' मधून ती आत घ्या, आणि बारकोडच्या रकान्याला 'मजकूर' हा प्रकार द्या. जतन केलेली फाइल पुन्हा तशीच उघडून जतन केलीत तर शून्यं पुन्हा जातील. शेवटची नजर साध्या नोटपॅडमध्ये टाका, तिथे जे दिसतं तेच खरं. किमतीही बघून घ्या, जर्मन फाइलीत दशांशाला स्वल्पविराम असतो, ठिपका हजारासाठी.

प्रेषक: सुधीरदादा

म्हणजे शेवटी एसकेयू वेगळाच द्यायचा! मी पहिल्या उत्तरात दुसरं काय म्हटलं होतं?

प्रेषक: विद्याकाकू

या एक्सेलपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. जनुकांच्या नावांची ते तारीख करून टाकायचं. 'मार्च१' नावाचं जनुक होतं, त्याची १ मार्च होऊन बसायची. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. सुधीर, तुझ्या देशाच्या अक्षरांचं काय होतंय तेही एकदा बघ.

प्रेषक: अनघा

दादा, वेगळा एसकेयू दिला तर साठा कसा जुळणार? माझं साठा जुळवणारं सॉफ्टवेअर एसकेयूवरूनच दोन्हीकडचा माल एक धरतं. निळी मोठी एकच उरली आणि दोन्हीकडे विकली गेली तर?

प्रेषक: सुधीरदादा

त्याला जोडतक्ता लागतो. एका रकान्यात तुझं घरचं नाव, पुढे प्रत्येक देशातलं. मी तो करायचा टाळला होता आणि गेल्या वर्षी एकच शेवटचा नग तीन देशांत विकून बसलो. तिघांनीही एकाच रात्री घेतला. दोघांची माफी मागितली, तिसऱ्याला माल पाठवला. तो त्याने परत केला.

तक्ता पाठवतो. माझाच आहे, देशाच्या अक्षरांसकट.

प्रेषक: अनघा

सगळ्या १८ काढल्या, दोन्ही ऑर्डरी रद्द केल्या. एकाने उत्तर दिलं, ठीक आहे म्हणाला. नवी फाइल नोटपॅडमध्ये बघितली, सगळ्या ओळींत पुढे दोन शून्यं आहेत. उद्या रात्री चढवते. केतन, काकू, जेवायला या.

प्रेषक: केतन

व्यवस्थापक, तुमची पत्त्यांची यादी आत्ता उघडली. शून्यापासून सुरू होणाऱ्या टपाल क्रमांकांतला पहिला आकडा सगळीकडे गायब आहे. निदान नऊ घरं तरी. फोन क्रमांकांचंही तेच दिसतंय.

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

आमंत्रणाची पाकिटं कालच टाकली.

ते 'मजकूर' नक्की कुठे निवडायचं?