लॉनवर काय मारलंय?

सी १०३ काकू: सेक्रेटरी साहेब, शनिवारी लॉनवर नक्की काय मारलंय? माझ्या दोन्ही जास्वंदींची शेंड्याची पानं पिळवटून सुतळीसारखी झालीत. कळ्या वाकड्या. टोमॅटोचं रोप तर मान खाली घालून बसलंय. चार दिवसांपूर्वी सगळं धडधाकट होतं. फोटो टाकलेत. मागच्या वेळेसारखं "बघतो" नको आहे.

सेक्रेटरी: नमस्कार काकू 🙏 मीटिंगमध्ये सर्वानुमते ठरल्याप्रमाणे सिलेक्टिव्ह तणनाशक मारलं आहे. सिलेक्टिव्ह म्हणजे फक्त तणच मरतं. तुमच्या झाडांचा संबंध नाही.

सी १०३ काकू: सर्वानुमते म्हणजे तुम्ही आणि खजिनदार.

ए २०४: मी पण होतो काकू. खुर्च्या उचलायला 😄

बी ३०१: पंप कोणता वापरला?

बी ४०२ काका: सेक्रेटरी, रागावू नका, पण औषधाला तण ओळखता येत नाही. त्याला एवढंच कळतं, रुंद पान की अरुंद पान. टू-फोर-डी नावाचं तणनाशक असेल तर ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानाचं झाड त्याने वेडंवाकडं वाढतं, पिळवटतं आणि मरतं. गवताला तितका फरक पडत नाही. आपली लॉन हरळीच्या जातीची, म्हणून वाचते. जास्वंद आणि टोमॅटो दोन्ही रुंद पानाचे. औषधाच्या लेखी तेही तणच.

सी १०३ काकू: म्हणजे माझी जास्वंद तण.

बी ४०२ काका: वहिनी, मी औषधाच्या लेखी म्हणालो.

ए २०४: काकांना आता जिना बदलावा लागणार.

खजिनदार: औषधाचं बिल आणि मीटिंगचं इतिवृत्त दोन्ही फाइलला आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी ऑफिसात येऊन बघावं. ग्रुपवर आरोप करू नयेत ही विनंती.

बी ३०१: पंप कोणता वापरला?

ए ७०१: फॉरवर्डेड: सावधान!! हेच औषध व्हिएतनामच्या युद्धात माणसांवर टाकलं होतं!! आपल्या लहान मुलांना लॉनवर पाठवू नका!! जास्तीत जास्त लोकांना पाठवा!!

सी ५०२ ताई: बाप रे. आमचा ब्रूनो शनिवारी संध्याकाळी तिथेच लोळत होता. बोर्ड का लावला नाही?

सेक्रेटरी: बोर्ड लावला होता. वाऱ्याने पडला.

बी ४०२ काका: वाऱ्याने बोर्ड पडला? म्हणजे त्या दिवशी वारा होता आणि तरी फवारलं?

सेक्रेटरी: फवारणी सकाळी झाली. वारा दुपारी सुटला.

बी ४०२ काका: बरं. ए ७०१, व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ जे फवारलं गेलं त्यातलं कुप्रसिद्ध मिश्रण दोन औषधांचं होतं. डायॉक्सिन या विषाची भेसळ होती ती दुसऱ्यात, टू-फोर-फाइव्ह-टीमध्ये. टू-फोर-डी हा त्यातला अर्धा भागीदार. पण म्हणून अंगावर उडवून घ्यायचं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला "कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता" या गटात टाकलंय. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि पानांवरचं औषध पूर्ण सुकेपर्यंत मुलं आणि कुत्री लॉनबाहेर. ताई, ब्रूनोचे पंजे धुतलेत ना?

सी ५०२ ताई: आता धुतले काका. पण त्याला सारखं लॉनवर आणतात म्हणून जे कुजबुजतात त्यांनी आज मुलांच्या फुटबॉलबद्दलही बोलावं. मधला पट्टा टक्कल पडलाय तो ब्रूनोमुळे नाही.

ए ६०३: मुलांनी खेळायचं कुठे मग? पार्किंगमध्ये? तिथे तर दोन दोन गाड्या आडव्या.

खजिनदार: पार्किंगचा विषय वेगळ्या थ्रेडवर घ्यावा.

ए ६०३: वेगळ्या थ्रेडवर गेला की तो तिथेच मरतो. तणासारखा नाही, खरंच मरतो.

बी ३०१: पंप कोणता वापरला? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: सोसायटीचाच पंप. पाठीवरचा. त्याने काय फरक पडतो?

बी ४०२ काका: खूप पडतो. पण आधी लॉनचं बोलू. आज सकाळी मी फेरी मारली. दुधी आणि आंबुशी ही रुंद पानाची तणं वाकली आहेत, ती जातील. पण आपलं खरं दुखणं लव्हाळा आहे आणि तो ताठ उभा आहे. एक काडी तोडून बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते. लव्हाळा गवतही नाही आणि रुंद पानाचाही नाही, त्याचं कूळच वेगळं. त्यामुळे या औषधाने त्याला फारसं काही होत नाही.

सेक्रेटरी: म्हणजे पैसे वाया?

खजिनदार: वाया नाही. दुधी मेली ना.

बी ४०२ काका: दुधी खुरप्याने निघाली असती.

सी १०३ काकू: माझ्या झाडांवर कोणी बोलणार आहे का?

ए ७०१: फॉरवर्डेड: मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण वापरून तण मुळापासून संपवा, फक्त दोन दिवसांत!!

बी ४०२ काका: कृपा करून हे कोणी करू नका. मीठ मातीत राहतं, लॉनही जाईल. व्हिनेगर वरची पानं जाळतं आणि लव्हाळा गाठीतून पुन्हा वर येतो. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरून ओढलं की दोरा तुटतो, मणी खालीच. मग प्रत्येक मणी स्वतंत्र रोप होतो. गेल्या वर्षी आपण श्रमदान करून उपटला, आठवतं? या वर्षी दुप्पट आहे.

ए २०४: श्रमदानाचे फोटो अजून नोटीस बोर्डवर आहेत. लव्हाळ्याने आभार मानलेत.

सेक्रेटरी: काका, माळी म्हणत होता, मरत नाही तर डोस दुप्पट करू. कोपऱ्यात केलाही होता वाटतं. तिथे लॉन पिवळी पडली आहे.

बी ४०२ काका: वाटतं?? सेक्रेटरी, दुप्पट डोसाने पान लवकर करपतं आणि औषध मुळापर्यंत उतरायच्या आतच रस्ता बंद होतो. शिवाय आपल्या लॉनला शिक्षा. लेबलवर जे प्रमाण आहे तेच. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल येतं. हरळीच्या लॉनला चालतं, पण दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही असं वाटेल. तेवढ्यात कोणी धीर सोडून दुसरं काही मारू नका. आणि एका फेरीत संपणार नाही, गाठी पुन्हा फुटतात.

खजिनदार: म्हणजे अजून खर्च. तोही मीटिंगमध्ये यावा लागेल.

बी ३०१: सोसायटीचा पाठीवरचा पंप म्हणालात. एकच आहे ना? शनिवारी तण, मग पुढे त्याच पंपाने काय काय मारलं?

बी ४०२ काका: हाच प्रश्न मलाही पडलाय. बघा, ए विंगसमोरची जास्वंद लॉनच्या कडेला चिकटून आहे, तिचं एक पान वाकडं नाही. वहिनींच्या कुंड्या इमारतीच्या पलीकडच्या बाजूला. वाऱ्याने उडून आलं असतं तर आधी ए विंगची गेली असती. वाऱ्याने इमारतीला वळसा घालून फक्त सी १०३ कसं शोधलं?

ए ६०३: वाऱ्याचीही पार्किंगची अडचण असेल.

सेक्रेटरी: माळ्याशी बोललो. तो म्हणतो, लॉन झाल्यावर पंप नळाखाली एकदा खळबळून ठेवला. मंगळवारी त्यानेच निंबोळी अर्क मारला. कुठे मारला ते काकूंना विचारा म्हणतो.

ए २०४: 👀

सी १०३ काकू: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी ३०१: काकू?

सी १०३ काकू: जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता. मीच म्हटलं होतं त्याला, पंप घेऊन आलाच आहेस तर एक हात मार. चार कुंड्यांवर. मला काय माहीत त्यात आधी काय होतं.

ए २०४: सर्वानुमते 😄

सी १०३ काकू: तुला खुर्च्या उचलायच्या आहेत ना, उचल.

सेक्रेटरी: सोसायटीचा माळी सोसायटीच्या वेळेत खाजगी कुंड्यांवर फवारत होता, याची नोंद घ्यावी लागेल.

सी १०३ काकू: घ्या. खाली तुमच्या बाल्कनीतला मोगरा कोण छाटतो तेही लिहा.

बी ४०२ काका: दोघेही थांबा. टू-फोर-डी एकदा खळबळून निघत नाही. नळी, गाळणी, नोझल, रबरी वायसर सगळीकडे चिकटून राहतं. कपाशीवाल्या कोणालाही विचारा, नुसती वाफ लागली तरी पान भेंडीच्या पानासारखं चिरतं. इथे तर पंपातून थेट अंगावर गेलंय. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळाच हवा, त्यावर लाल पट्टा मारून. तो दुसऱ्या कशालाही नाही.

सी १०३ काकू: झाडं वाचतील का?

बी ४०२ काका: याला उतारा नाही वहिनी. नेहमीसारखं पाणी द्या, खताचा मारा नको, घाईने छाटू नका. नवीन फूट सरळ आली तर जास्वंद वाचली. टोमॅटोचा भरवसा देत नाही, आणि फळ धरलं तरी ते खाऊ नका.

सी ५०२ ताई: काकू, माझ्याकडे जास्वंदीचं एक कलम आहे. लाल. संध्याकाळी आणून देते.

सी १०३ काकू: थँक्यू ग. ब्रूनोला घेऊन ये.

सेक्रेटरी: दुसरा पंप घेण्याचा विषय पुढच्या मीटिंगला घेत आहे. लॉन उद्या सकाळी कापली जाईल.

बी ४०२ काका: उद्या नको!! कोपऱ्यातल्या पिवळ्या पट्ट्याला आठ-दहा दिवस यंत्र लावू नका. आणि बाकीचं कापलेलं गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या खतातून पुन्हा कोणाची तरी कुंडी जाईल.

खजिनदार: मागच्या आठवड्यात कापलेलं खड्ड्यातच आहे. ते चालेल?

बी ३०१: कापलं शनिवारच्या आधी की नंतर?

खजिनदार: माळ्याला विचारून सांगतो.

बी ३०१: आधी की नंतर?