मणगण्याचा रस फुटू नये आणि खतखत्यातले तिरफळ कडू होऊ नये म्हणून काय करावे?

माटोळी

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशीला आठ-दहा पानांचे नैवेद्याचे जेवण करायचे आहे, कांदा-लसणाशिवाय. खतखते (डाळ-खोबऱ्यातली मिश्र भाजी), मुगागाठी (मोडाच्या मुगाची खोबऱ्यातली उसळ), उकड्या तांदळाचे शीत म्हणजे भात आणि गोडाला मणगणे (चण्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर) असा गोव्याकडचा बेत ठरला आहे. पदार्थ सगळे ओळखीचे, पण वहीत मापे नाहीत. "बेताने", "अदमासाने" एवढेच लिहिलेले आहे. नेमके अडते कुठे ते सांगते.

मणगण्यात नारळाचा दाट रस घातला की वर तेल तरंगते आणि खाली रवाळ चोथा राहतो. चण्याची डाळ गूळ पडल्यावर पुन्हा टणक लागते. खतखत्यात तिरफळाचा (मिरीसारख्या मसाल्याच्या फळाचा) वास कमी आणि कडवटपणा जास्त येतो. सुरण घशाला खाजतो, आणि तांबडा भोपळा विरघळून आमटीसारखे होते. घरात गॅस आणि मिक्सर आहे, रगडो (वाटायचा दगड) नाही. मापांसकट आणि क्रमासकट सांगाल का? दुसऱ्या दिवशी सकाळी पेजही करायची आहे, कुकरला लावली तर चालेल का तेही सांगा.

रगडो

माटोळीताई, आधी मणगणे, कारण तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणी क्रमामुळे आहेत.

दहा पानांना दीडशे मिलिलिटरच्या वाटीने दीड वाटी चण्याची डाळ, पाव वाटीला थोडा जास्त साबुदाणा, चिरलेला गूळ पावणेदोन ते दोन वाट्या, दोन मध्यम नारळ, मूठभर काजूगर, सहा-सात वेलच्या आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय गुळाची चव सपाट लागते.

डाळ दोन तास भिजवा आणि साध्या पाण्यात, उघड्या भांड्यात शिजवा. दाणा दोन बोटांत धरून दाबला तर सहज चेपला पाहिजे आणि आत पांढरा कण दिसता कामा नये, पण दाण्याचा आकार टिकला पाहिजे. गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही. गुळातला किंचित आंबटपणा आणि चुना, दोन्ही डाळीचा गर घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे "थोडी कच्ची आहे, गुळात शिजेल" हा हिशेब इथे चालत नाही. तुमची डाळ टणक होत नाही, ती अर्धी शिजलेलीच राहते आणि थंड झाल्यावर ते जाणवते.

आता रस. नारळ फ्रीजमधला असेल तर किसून तासभर बाहेर ठेवा. थंड खोबऱ्यातले तेल गोठलेले असते, ते रसात उतरत नाही आणि चोथ्याबरोबर फेकले जाते. दोन नारळांच्या खोबऱ्याला दीड वाटी कोमट पाणी घालून मिक्सर फिरवा आणि फडक्यातून घट्ट पिळा. हा दाट रस, साधारण दोन वाट्या, बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात अडीच-तीन वाट्या कोमट पाणी घालून दुसरा रस काढा. पाणी कढत घेऊ नका, हाताला सोसेल एवढेच.

शिजलेल्या डाळीत दुसरा रस, अर्धा तास भिजवलेला साबुदाणा आणि काजूगर घालून उकळी आणा. साबुदाणा काचेसारखा झाला की गूळ घाला, तो विरघळून पाच मिनिटे खदखदू दे. मग गॅस अगदी बारीक करा, दोन मिनिटे थांबा, आणि त्यानंतरच दाट रस घाला. कडेने वाफ दिसू लागली की भांडे उतरवा. बुडबुडा येता कामा नये.

फुटते ते असे: रसातले तेल बारीक थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचे पातळ आवरण असते. उकळी लागली की ते आवरण आकसते, थेंब एकत्र येतात, वर तेल आणि खाली कण. गुळाची आंबट बाजू ही फूट लवकर घडवते, म्हणून उकळत्या गुळात दाट रस कधीच ओतायचा नाही. साबुदाण्याची खळ रसाला धरून ठेवते. तो फक्त दाटपणासाठी नसतो, त्याला वगळू नका.

थंड झाल्यावर मणगणे बरेच आळते. उतरवताना पळीवरून सहज वाहील इतके पातळ असू द्या.

कुळागर

खतखत्याबद्दल मी लिहितो.

भाज्या सगळ्या मिळून सव्वा किलो पुरतील. सुरण, माडी (अळूचा कांदा), कच्चे केळे, शेंगा (शेवग्याच्या), मुळा, कणंग (एक कंद) किंवा रताळे, नीरफणस, मक्याचे कणीस आणि तांबडा भोपळा. चतुर्थीच्या दिवसांत यातले बहुतेक गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते. पाच भाज्यांचेही खतखते चांगले होते, पण सुरण, मुळा आणि शेंगा या तीन सोडू नका. पिठूळ, उग्र आणि रसाळ अशा तिन्ही बाजू त्यांनीच सांभाळल्या जातात.

तूरडाळ पाऊण वाटी, मऊ शिजवून घोटलेली. वाटपाला अडीच वाट्या ओले खोबरे, सहा ब्याडगी आणि दोन हरमलच्या मिरच्या, अर्धा चमचा हळद. हरमलची मिरची तिखट असते, ब्याडगी रंगासाठी. मिरच्या पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून आधी एकट्या वाटा, मग खोबरे घाला. सगळे एकदम मिक्सरमध्ये घातले तर खोबरे बारीक होते आणि मिरचीचे सालपट तसेच राहते. पाणी चमच्याचमच्याने घाला. वाटताना भांडे गरम झाले तर थांबा, नाहीतर खोबऱ्याचे तेल सुटते आणि वाटपाला वास येतो.

भोपळा विरघळतो कारण तो सगळ्यांबरोबर घातला जातो. मका आणि शेंगा आधी, सात-आठ मिनिटांनी मुळा, कणंग आणि नीरफणस, मग केळे, आणि भोपळा सगळ्यात शेवटी, फक्त पाच-सहा मिनिटे. फोडी इंचाच्या, शेंगा दोन इंचाच्या, भोपळा मात्र दीड इंचाचा आणि सालीसकट. भाज्या शिजल्या की डाळ, मग वाटप, मग गूळ, लिंबाएवढा.

आता तिरफळ. कडवटपणाची दोन कारणे. आतली काळी चकचकीत बी राहिली असेल, किंवा तिरफळ वाटपात वाटले असेल. सुकी तिरफळे हातावर चोळा, बिया वेगळ्या होतात, त्या टाकून द्या. वास सगळा वरच्या सालीत असतो. अशी पंधरा-सोळा सालपटे दोन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवा, बत्त्याने एकदा-दोनदा फक्त चेपा, आणि पाण्यासकट शेवटच्या पाच मिनिटांत घाला. जास्त उकळले की वास वाफेबरोबर निघून जातो आणि कडू तेवढे मागे उरते. पावसाळ्याच्या अखेरीस ओली हिरवी तिरफळे घोसाने मिळतात, ती मिळाली तर दहाच पुरेत, त्यांचा झणका जास्त असतो. डब्यातली सुकी तिरफळे उघडल्यावर नाकाला लगेच जाणवली नाहीत तर ती वापरू नका, संख्या वाढवून वास परत येत नाही, कडवटपणाच वाढतो.

खतखत्याला फोडणी नाही. उतरवल्यावर वरून एक मोठा चमचा कच्चे खोबरेल आणि पाच मिनिटे झाकण.

माटोळी

देव बरें करूं, दोघांनाही. आमसुले, म्हणजे आपली सोलां, कधी घालायची ते कुणी लिहिले नाही. आणि सुरणाचे राहिले.

तोंडाक

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्र सांगते.

सुरण आणि माडीत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आंबट पाण्यात आणि पूर्ण शिजवल्यावर त्यांचा त्रास बराच कमी होतो. म्हणून बरेच जण भाज्यांच्या भांड्यात सुरुवातीलाच सोलां टाकतात. तिथे घोळ होतो, कारण आंबटपणा लागला की मुळा, कणंग, शेंगा लवकर मऊ होत नाहीत. मग जास्त उकळावे लागते आणि तोपर्यंत भोपळ्याचा लगदा.

म्हणून सुरण आणि माडी वेगळ्या भांड्यात शिजवा: पाऊण इंचाच्या फोडी, बुडेल एवढे पाणी, दोन सोलां, थोडे मीठ. सुरी आरपार गेली पाहिजे. अर्धवट सुरण कितीही आंबट घातले तरी खाजतो. ते पाणी टाकून द्या आणि फोडी डाळीबरोबर मुख्य भांड्यात घाला. चिरताना हाताला खोबरेल लावा आणि सुरण आधी धुऊ नका, कोरडाच चिरा. ओल्या हाताला तो जास्त लागतो.

बाकीची पाच-सहा सोलां वाटप उकळल्यानंतर, तिरफळांच्या अगदी आधी. सोलांत वाळवतानाचे मीठ असते, त्यामुळे मिठाची चव सोलां पडून दोन-तीन मिनिटे झाल्यावरच बघा. भांडे स्टीलचे किंवा मातीचे कुंडले घ्या, ॲल्युमिनियम नको, आंबटाने त्याची चव उतरते आणि रंग काळवंडतो.

कुळागरांशी एका बाबतीत माझे जमत नाही. लिंबाएवढा गूळ अडीच वाट्या खोबऱ्याला जास्त होतो. कणंग, मका आणि भोपळा मुळातच गोड असतात. मी अर्धाच सांगेन. खतखत्यात आधी तिरफळ, मग आंबट आणि गूळ मागे राहावा.

कुळागर

ताई, रताळे आणि मका दोन्ही असतील तर तुमचे बरोबर. कणंग घेतली आणि मका नसला तर मात्र माझे माप ठेवा. सुरण वेगळा शिजवण्याचे पूर्ण मान्य.

शीतकढी

पेज कुकरला लावू नका. उकड्या तांदळाचा दाणा कुकरमध्ये फुगतो, पण त्याची खळ पाण्यात तेवढी उतरत नाही. वर पाणी आणि खाली शीत असे वेगवेगळे राहते. पेजेला पाणी आणि दाणा एकजीव व्हायला हवेत, आणि त्यासाठी उघडे भांडे व अधूनमधून ढवळणे लागतेच.

एक वाटी उकडे तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन तास-दीड तास भिजवा. आठ वाट्या पाण्याला उकळी आल्यावर तांदूळ घाला. पहिली दहा मिनिटे मोठा गॅस, मग बारीक करून चाळीस ते पन्नास मिनिटे. झाकण तिरके ठेवा, पूर्ण लावले की पेज उतू जाते. मध्ये पाणी लागलेच तर कढत घाला, गार पाणी घातले की दाणा बाहेरून मऊ आणि आत चिवट राहतो. पाणी दुधी, किंचित तांबूस झाले आणि दाण्याचे तोंड उघडले की झाली. मीठ उतरवताना. ओततानाच ती हवी त्यापेक्षा पातळ वाटली पाहिजे, ताटलीत येईपर्यंत दाट होते.

एक वाटीत तीन माणसांची पेज होते. सकाळी दहा वाजता पेजेच्या वेळेला जेवढी माणसे असतील त्या हिशेबाने घ्या.

चतुर्दशी उलटल्यावर चालत असेल तर सोबत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर. सुंगटांची डोकी आणि शेपट्या काढा, तव्यावर बारीक गॅसवर कुरकुरीत भाजा, मग पटकन धुऊन पुन्हा कोरडी करा, नाहीतर रेती लागते. एक वाटी सुंगटांना पाऊण वाटी खोबरे, एक बारीक चिरलेला कांदा, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, आणि दोन सोलां भिजवून कुस्करलेले पाणी. खोबरे आणि मसाला आधी हाताने चुरून ठेवा, सुंगटे मात्र पेज ताटलीत वाढल्यावरच मिसळा. पाच मिनिटांत ती नरम पडतात. शाकाहारी पान असेल तर मिस्कूट (कैरीचे लोणचे) किंवा खारातली तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) पुरे.

माटोळी

खतखते सकाळी लवकर करून ठेवले आणि दुपारी गरम केले तर? आणि मणगणे तरीही फुटले तर वाचवता येते का?

रगडो

खतखते चालते, उलट दोन-तीन तास मुरलेले चांगले लागते. फक्त तिरफळ आणि खोबरेल सकाळी घालू नका. दुपारी बारीक गॅसवर गरम करून उकळी येण्याच्या बेतात असताना तिरफळाचे पाणी घाला, पाच मिनिटांनी उतरवा, मग खोबरेल. पळीने ढवळू नका, दोन्ही कान धरून भांडे हलवा, फोडी अखंड राहतात. पाणी घालावे लागले तर गरम, अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नको.

मणगणे पुन्हा गरम करायचे असेल तर थेट गॅसवर नको, कढत पाण्याच्या परातीत भांडे ठेवा. फुटलेच तर एक चमचा तांदळाचे पीठ पाव वाटी गार पाण्यात कालवून घाला आणि बारीक गॅसवर दोन-तीन मिनिटे सतत ढवळा. वर आलेले तेल बरेचसे परत आत जाते. रवाळ कण मात्र पूर्ण जात नाहीत. म्हणून दाट रसातला अर्धी वाटी वेगळा राखून ठेवा आणि तो वाढण्याआधी, गॅस बंद असताना घाला. नैवेद्याचे पान त्यानंतर वाढा.