२६ जानेवारीला दोघांसाठी समुद्र आणि कडे, कुठे जावं? बजेट १२ हजार

खिडकीची_सीट
मंडळी, सल्ला हवाय. २६ जानेवारी सोमवारी आलीय, म्हणजे शनि-रवि-सोम जोडून. लेक कॉलेजच्या कॅम्पला जाणार, त्यामुळे मी आणि नवरा दोघंच.
समुद्र हवाय, पण नुसती वाळू नको. कड्यावर उभं राहून खाली लाटा आपटताना बघायच्यात. मात्र नवऱ्याचा उजवा गुडघा कुरकुरतो, तेव्हा किल्ले चढवू नका. डीजे, रेन डान्स, बनाना राईड असलं काही नको. तो मासे खातो, मी नाही. राहतो मुलुंडला. वॅगनआर आहे, पण त्याला हायवेवर गाडी चालवायचा कंटाळा आणि मला येत नाही.
बजेट जाणं-येणं, राहणं, खाणं सगळं धरून १२ हजार. कृपया गोवा सुचवू नका.

सुरमई_फ्राय
गोवा नको म्हणताय म्हणून, नाहीतर तेच सांगणार होतो. मग तारकर्ली. मालवणला सुरमई खाल्ली की मुंबईत परत मासा तोंडात घालवत नाही.

डोंबिवली_फास्ट
तीन दिवसांत तारकर्ली? दीड दिवस गाडीतच जाईल त्यांचा. ताई, सरळ दिवेआगर करा. आम्ही दरवर्षी जातो. सुरूचं बन, लांबलचक किनारा, घरगुती जेवण, उकडीचे मोदक. सुवर्णगणेशाचं दर्शनही होईल. १९९७ साली बागेत खणताना मिळालेली मूर्ती २०१२ ला चोरीला गेली होती, २०२१ मध्ये नवी बसवली. आमचे ठरलेले काका आहेत, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खिडकीची_सीट
धन्यवाद. पण दिवेआगरला कडे कुठे आहेत?

डोंबिवली_फास्ट
कडे नाहीत, पण किनारा बघून तुम्ही कडे विसराल.

निवांत_नंदा
तीन दिवसांसाठी एवढी वणवण कशाला? अलिबागजवळ एक मस्त रिसॉर्ट आहे, खोलीतून समुद्र, पूल, नाश्ता फुकट. आम्हाला एका रात्रीचे नऊ हजार पडले, पण पैसा वसूल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घाला, तासाभरात मांडवा.

खिडकीची_सीट
नंदाताई, बजेट बारा हजार आहे. दोन रात्रींचं, दोघांचं.

निवांत_नंदा
हो, वाचलं ना. मग एकच रात्र राहा.

बुलेटवाला_ठाणे
कोकण बघायचं तर हायवे सोडा आणि समुद्राच्या कडेकडेने जा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चार खाड्या चार फेरीबोटींनी ओलांडायच्या. दिवेआगरहून श्रीवर्धनला आरवी, कोंडिवलीवरून जाणारा रस्ता असा आहे की उजवीकडे सारखा समुद्र, थांबावं वाटेल तिथे थांबा. अख्खा पट्टा मी बुलेटवर केलाय. फक्त सुरुवातीलाच मूड जातो, कारण अटल सेतूवर आम्हाला बंदी. कारवाले झूम करून जाणार, आम्ही वाशीवरून रखडणार.

चाकरमानी_७७
झूम करून जायचे अडीचशे रुपये मोजतो आम्ही, एका बाजूचे. फुकट नाही जात.

बुलेटवाला_ठाणे
मग मोजायला तयार असूनही आम्हाला का नाही सोडत?

चाकरमानी_७७
मधोमध वाऱ्याने बाईक हलते म्हणून. एकदा कारचं दार उघडून बघा वर.

बुलेटवाला_ठाणे
पुलावर थांबायलाही बंदी आहे, तुम्ही दार कसं उघडलंत?

माहीमची_मावशी
तुमचं टोलपुराण झालं असेल तर बोलते. ताईंना कडे हवेत तर हरिहरेश्वर. देवळामागून प्रदक्षिणेचा रस्ता आहे, दोन कातळांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात त्या थेट समुद्रापाशी. खालचा दगड बघण्यासारखा आहे. वारा आणि खारं पाणी यांनी अख्ख्या कातळाला जाळीसारखी भोकं पाडलीत. पण सांभाळा हं. आमच्या महिला मंडळाची सहल गेली होती तेव्हा पाणी चढायला लागलेलं, तरी दोघी-तिघी फोटोसाठी पुढे गेल्या. एक लाट आली ती एकीचा चष्मा, पर्स आणि एक चप्पल घेऊन गेली. माणूस राहिलं हे नशीब. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, पाट्या लावल्यात, तरी लोक ऐकत नाहीत.

डोंबिवली_फास्ट
हरिहरेश्वर दिवेआगरहून जवळच आहे. एका दिवसात जाऊन येता येतं. म्हणूनच दिवेआगर म्हणत होतो.

भरती_ओहोटी
सगळे कुठे जायचं ते सांगतायत, किती वाजता ते कोणीच नाही. कडे बघायचे असतील तर गावाच्या आधी तिथी बघा.
आमच्याकडे साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमी असेल तर सहा, सकाळी आणि संध्याकाळी. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकतं.
आता तुमचे दिवस. शनिवारी षष्ठी, रविवारी रथसप्तमी, सोमवारी अष्टमी. म्हणजे रविवारी भरती सव्वापाचच्या आसपास आणि ओहोटी साडेअकराला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची तर सकाळी दहा ते बारा, त्यानंतर नाही. मावशींच्या मंडळाने चढत्या पाण्यात घातली असणार.
दुसरी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ताईंना लाटा आपटताना बघायच्यात आणि निवडलाय नेमका भांग. सुट्टी सरकारने ठरवली, त्याला इलाज नाही.

चाकरमानी_७७
हल्ली मोबाईलवर मिनिटासकट भरतीची वेळ येते. पंचांग कोण बघतंय.

भरती_ओहोटी
बघा ना मोबाईल. कड्याखाली रेंज आली की सांगा.

माहीमची_मावशी
आमच्या मंडळाने सकाळीच घातली होती प्रदक्षिणा. नऊ वाजले असतील.

भरती_ओहोटी
तिथी कोणती होती?

माहीमची_मावशी
ते मला काय माहीत!

आंजर्लेकर
हरिहरेश्वर गुडघ्याला झेपायचं नाही, त्या पायऱ्या परत चढायच्या असतात. आमच्याकडे आंजर्ल्याला या. कड्यावरचा गणपती, नावातच कडा आहे. पायऱ्याही आहेत, पण गाडीरस्ता देवळापर्यंत जातो. वरून सुवर्णदुर्ग, हर्णैचं बंदर, आंजर्ल्याची पुळण सगळं एका नजरेत. नवऱ्याला संध्याकाळी हर्णैच्या लिलावाला न्या. मात्र लिलाव म्हणजे वाटे नव्हेत, टोपल्याच्या टोपल्या जातात. दोन पापलेटं मागितलीत तर कोळणी हसतील.

वीकेंड_वॉरियर
दापोली साईडला जाताय तर वेळासला कासवं बघायला जाच! पिल्लं समुद्रात सोडतात, आयुष्यात एकदा बघावं असं.

आंजर्लेकर
जानेवारीत पिल्लं कुठून आणणार? ऑलिव्ह रिडले अंडी घालते तेव्हापासून पिल्लं निघेपर्यंत दीड-दोन महिने जातात. फेब्रुवारी संपताना या, मार्चमध्ये तर नक्की.

चाकरमानी_७७
पण दापोलीला जायचं म्हणजे मुंबई-गोवा हायवे आलाच. २०११ पासून काम चाललंय. काम सुरू झालं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता तो गाडी चालवतो आणि माणगावच्या ट्रॅफिकमध्ये मी बाजूला बसून त्याला शिव्या द्यायला शिकवतो. कशेडीचा बोगदा झाला हे मान्य, पण तिथपर्यंत पोचायला हवं ना. शनिवारी सकाळी सातला निघालात तर दुपारचं जेवण इंदापूरच्या आसपास. पहाटे चारला निघा.

वीकेंड_वॉरियर
पहाटे चारला सगळेच निघतात. रात्री दोनला निघा.

सुरमई_फ्राय
शुक्रवारी ऑफिसातूनच निघा, म्हणजे सकाळी मालवण.

अलिबागचा_पांडू
जानेवारीत रायगडात येऊन पोपटी खाल्ली नाही तर काय केलं? वालाच्या शेंगा, बटाटे, मडक्यात भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं घालून वर जाळ. ताई मासे खात नाहीत ना, त्यांच्यासाठी बिनकोंबडीची लावायला सांगा, सगळ्यांच्या आधी त्यांचीच संपेल. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आणि कडेच हवेत तर कोर्लई बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, मध्ये डोंगराची सोंड. दीपगृहापर्यंत रस्ता आहे, किल्ला चढायची गरज नाही. गावातले लोक अजून आपसांत पोर्तुगीजातून निघालेली बोली बोलतात, ते कान देऊन ऐका.

निवांत_नंदा
मी सांगितलेलं रिसॉर्ट कोर्लईला जवळ पडेल बहुतेक. आता जानेवारीत रेट अकरा झालाय म्हणे.

गुहागरी_माणूस
कोणी गुहागर तालुक्याचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळ, थेट समुद्राच्या तोंडापर्यंत आलेत, गाडी किंवा रिक्षा वर जाते, दहा पावलं चाललात की खाली पाणी. बुधल बघा, कातळावर देवीचं देऊळ आणि पुढ्यात समुद्र. वेळणेश्वरला अर्धचंद्र किनारा, देवळाची घंटा वाळूपर्यंत ऐकू येते. हेदवीला दशभुज गणेश आणि खाली उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ. कातळाला उभी अरुंद भेग पडलीय. भरतीचं पाणी आत घुसतं, पुढे जागा नाही म्हणून गर्जत वर फुटतं. आणि अंजनवेलला टाळकेश्वराच्या बाजूला कड्यावर उभं राहिलं की वाशिष्ठी समुद्राला मिळताना दिसते.

चाकरमानी_७७
अंजनवेलला तर पूर्वीच्या एन्रॉनचा वीजप्रकल्प आहे. समुद्र बघायला जायचं आणि चिमण्या बघून यायचं!

गुहागरी_माणूस
चिमण्यांकडे पाठ करा. कड्यावर तोंड समुद्राकडेच असतं.

चाकरमानी_७७
त्या प्रकल्पाने गावाला काय दिलं ते लिहा की मग.

गुहागरी_माणूस
त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे येतो मी, फुरसत काढून.

भरती_ओहोटी
बामणघळ भांगाला नीट उडत नाही. आधीच सांगतोय, नंतर येऊन शंख करू नका. उधाण हवं.

पेण_खोपोली
दिवेआगर कसं वाटतं? किनारा छान आहे आणि मोदक मिळतात. वरचे प्रतिसाद वाचले नाहीत.

डोंबिवली_फास्ट
+१

माहीमची_मावशी
ताई कुठे गेल्या? सगळ्यांनी एवढं लिहिलंय, काय ठरलं ते तरी सांगा.

खिडकीची_सीट
आले, आले. नवरा बाजूला बसून सगळं वाचतोय, टोलवर त्याचंही मत होतं, लिहू दिलं नाही.
ठरलंय. हेदवी-वेळणेश्वर. आणि गाडी न्यायची नाही, एसटीने जाणार. शुक्रवारी रात्रीची मुंबई-गुहागर, येताना सोमवारी रात्रीची, मंगळवारी सकाळी उतरून थेट ऑफिस. माझं तिकीट अर्ध्यात, २०२३ पासून सगळ्या बायकांना आहे ना, मग ती सवलत वापरायची कधी? नवऱ्याचं पूर्ण पडतं म्हणून तो जरा फुगलाय. वेळणेश्वरला एका घरी खोली मिळाली, अठराशे रुपये, फोनवरच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा-लसूण चालतं ना?" तिथेच माझं ठरलं. फिरायला गावातली रिक्षा, एक दिवस पूर्ण बोलून ठेवलीय: बुधल, अंजनवेल, हेदवी. सगळं धरून दहाच्या आत बसतंय.
भरती_ओहोटी यांचा इशारा वाचला. घळ उडाली नाही तरी चालेल.

वीकेंड_वॉरियर
तीन दिवसांच्या सुट्टीत दोन रात्री एसटीत? गुडघ्याचं काय?

सुरमई_फ्राय
एवढं लांब जाताच आहात तर अजून थोडं पुढे मालवण होतं.

चाकरमानी_७७
हायवे एसटीलाही तोच आहे, विसरू नका.

खिडकीची_सीट
आहे, पण स्टिअरिंग माझ्या नवऱ्याच्या हातात नाही, हाच तर फायदा. आणि गुडघ्यासाठी कडेची सीट घेतलीय त्याला, पाय वाटेत सोडायला. खिडकी माझी.

गुहागरी_माणूस
योग्य निर्णय. रिक्षावाल्याला बुधलला आधी न्यायला सांगा, सकाळचं ऊन पाठीमागून येतं, समुद्राचा रंग तेव्हा दिसतो. अंजनवेल संध्याकाळी. सूर्य साडेसहाच्या आत बुडतो, सहापर्यंत पोचा.

डोंबिवली_फास्ट
काकांचा नंबर व्यनि केला होता, तो राहू द्या. पुढच्या वेळी.

भरती_ओहोटी
रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला घळीशी जा, ओहोटी असेल. उधाणाला जिथे कोणी फिरकू शकत नाही तिथून भेग आतपर्यंत कशी गेलीय ते नीट बघता येईल. कातळावर शेवाळं असतं, रबरी चपला घालू नका, नवऱ्याला देवळापाशी बसवलंत तरी चालेल. साडेबारानंतर खाली थांबायचं नाही. पाणी भांगाचं असलं तरी समुद्राचंच आहे.

माहीमची_मावशी
आणि चष्म्याला दोरी लावा.